उजव्या कानाची मुदत

आप्पांचा डावा कान फार वर्षांपूर्वीच सेवानिवृत्त झाला होता. त्याच्या जाण्याचं कुणाला फारसं दुःख झालं नाही, खुद्द आप्पांनाही नाही. उलट त्यांनी त्याची सोयच करून घेतली होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते तक्रारींच्या टेबलावर बसत, आणि तक्रारदाराची खुर्ची त्यांनी डावीकडे ठेवून घेतली होती. घरी जेवायच्या टेबलाशी बायकोची खुर्चीही डावीकडेच होती. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची सोय देवाने बाकीच्यांना दिली आहे, ती आप्पांना नव्हती. मग त्यांनी ती फर्निचर हलवून करून घेतली, तर बिघडलं कुठे?

तर तो डावा कान. प्रश्न उजव्याचा होता. कानाच्या डॉक्टरांनी आप्पांना एका बंद खोलीत बसवलं, बारीकसारीक शिट्ट्या ऐकवल्या, ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं, आणि मग कागदावरच्या उतरत्या रेघेकडे बघत म्हणाले, "आता उजवाही निघाला."

"निघाला म्हणजे?" आप्पांच्या बायकोने विचारलं.

"म्हणजे राहायचा नाही. काही महिने मिळतील, नशीब असेल तर वर्ष. पण कधीकधी हा प्रकार एका दिवसात आटपतो. सकाळी ऐकू येतं, दुपारी नाही. मशिनचाही पुढे उपयोग नाही." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तेव्हा जे काही ऐकायचं असेल, ते ऐकून घ्या."

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. डॉक्टर लोकांनी खरं म्हणजे सहज काही बोलू नये. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आप्पांनी मात्र पुढे वाकून विचारलं, "आवाज किती ठेवलेला चालेल?"

आता आप्पांना काय ऐकायचं होतं? बँड. आप्पा नुसतं 'बँड' म्हणत. जगात दुसरेही बँड आहेत हे त्यांना मान्य होतं, पण ते शेजाऱ्यांनाही मुलं आहेत हे आपल्याला मान्य असतं तेवढंच. चार लांब केसांची, आंघोळीचा कंटाळा असलेली पोरं कुठल्याशा गोदामात एकत्र आली, पुढची कित्येक वर्षं त्यांनी ढणाढण गिटारी बडवल्या, भांडली, फुटली, एकमेकांवर खटले भरले, आणि शेवटी म्हातारपणाच्या दारात पुन्हा एकदा भेटली. एवढाच तो इतिहास. आप्पांना स्वतःच्या सख्ख्या मावश्या वयाच्या क्रमाने सांगता येत नसत. पण पहिला ड्रमर कोणत्या दौऱ्यात, कोणत्या पेट्रोल पंपावर, कुणी काय बोलल्यामुळे गाडीतून उतरून चालता झाला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. झोपेतून उठवून कुणी विचारत नसे, हा भाग वेगळा.

या सगळ्यात आप्पांचा जीव होता तो शेवटच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूत. अख्ख्या बाजूवर एकच गाणं. मूळ गिटारवाला कित्येक वर्षांनी परत आला होता, बेसवाला आजारी होता, गायकाशी कुणी बोलत नव्हतं. चौघं एका खोलीत उभे राहिले आणि एका दमात वाजवून मोकळे झाले. शेवटी शेवटी गिटारवाला एक सूर धरतो आणि सोडतच नाही. बाकीचे एकेक करून थांबतात. सूर तसाच, एकटा. पुढे थोड्याच दिवसांत बेसवाला गेला. आप्पांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते कॉलेजात होते आणि त्यांचे वडील नुकतेच वारले होते. स्मशानात न आलेलं रडू त्यांना त्या सुरावर आलं होतं. आता कान जाणारच असेल, तर शेवटी तो सूर घेऊन जाऊ दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"मग लावा की आत्ताच," घरी आल्या आल्या बायको म्हणाली. "मी पण बसते."

"असं कसं आत्ता?" आप्पा दचकलेच. "अगं, ते परत एकत्र येतात त्याला अर्थ केव्हा? आधी ते वेगळे व्हायला नकोत? भांडण न ऐकता एकदम समेट ऐकायचा? कुणी शेवटच्या पानापासून पुस्तक वाचतं का?"

"मी वाचते," बायको म्हणाली.

पण आप्पांनी ठरवलं ते ठरवलं. सगळं पहिल्यापासून, क्रमाने, काहीही न गाळता. कचेरीतून आल्यावर रोज एक बाजू, ताठ बसून, डोळे मिटून. डावा कान नसल्यामुळे दोन्ही स्पीकर खोलीच्या उजव्या कोपऱ्यात एकावर एक रचले होते, आणि त्या ढिगाकडे कान करून आप्पा असे बसत की बघणाऱ्याला वाटावं, भिंतीपलीकडची चहाडी ऐकतायत.

पहिली तबकडी भिकार होती. हे मी म्हणत नाही, बँडची माणसंच पुढे मुलाखतीत म्हणाली आहेत. पण इतिहास म्हणजे इतिहास. आप्पा ती लावणार, एवढ्यात लांब्या आला.

लांब्या हा आप्पांचा कॉलेजपासूनचा मित्र, उंचीने चांगलाच बुटका. नाव पडलं होतं ते लांबण लावण्यावरून. बँडच्या इतिहासात आप्पांना टक्कर देणारा उभ्या शहरात हा एकच. दोघांचं पटत नसे ते ड्रमरवरून. आप्पा पहिल्या ड्रमरचे, लांब्या दुसऱ्याचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा नियम ड्रमरनाही लागू आहे.

"पहिल्या तबकडीपासून?" लांब्या खुर्चीत बसत म्हणाला. "आणि त्याआधीचं शाळेच्या हॉलमधलं रेकॉर्डिंग? ते काय शेजाऱ्यांसाठी ठेवणार?"

"ते काय ऐकण्यासारखं आहे? कुणीतरी सारखं खोकतं त्यात."

"कुणीतरी? दुसरा ड्रमर खोकतोय तो! तेव्हा तो प्रेक्षकांत होता. पहिल्याचं वाजवणं सहन होत नव्हतं त्याला."

झालं. खोकणारा नक्की कोण यावर दोघांनी ती टेप मागेपुढे करून, पुन्हा पुन्हा लावून, दोन संध्याकाळी घालवल्या. माणसाच्या कानाचे थोडे दिवस उरलेले, आणि त्यातले दोन तो अनोळखी इसमाचा खोकला ऐकण्यात घालवतो, याला काय म्हणावं? जाताना लांब्याने आणखी सुचवलं, की पहिल्या ड्रमरने बँड सोडल्यावर स्वतः गाऊन काढलेली तबकडीही मध्ये घ्यायला हवी. ती तर बँडच्या शत्रूंनाही ऐकवत नसे. आप्पांनी घेतली. पहिल्याचे होते ना ते.

दरम्यान बायकोने समोरच्या बाईंजवळ मन मोकळं केलं, आणि इमारतीत आप्पांचा कान सार्वजनिक झाला. जिन्यात भेटेल तो सल्ला देऊ लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, सकाळी उठून कानाची पाळी ओढावी. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या ओढल्या होत्या, त्यामुळे ते अधिकाराने बोलत. कुणी म्हणालं वाफ घ्या, कुणी म्हणालं वाफ अजिबात नको. समोरच्या बाई मात्र नुसत्या बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. त्या कोमट तेलाची वाटीच घेऊन आल्या, आप्पांना आडवं केलं, तेल ओतलं आणि वर कापसाचा बोळा दाबून बसवला. बोळा काढताना निम्मा बाहेर आला. निम्मा आतच राहिला, आणि आप्पा कित्येक दिवस बँड रजईखालून ऐकत राहिले. डॉक्टरांनी चिमट्याने कापूस काढला आणि कपाळाला हात लावला. आता प्रश्न असा, की कापसासकट ऐकलेल्या तबकड्या ऐकल्या म्हणायच्या का? लांब्याने निकाल दिला: नाही. त्या आप्पांनी पुन्हा ऐकल्या.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पुढचं विघ्न खालच्या मजल्यावर राहत होतं आणि वकिली करत होतं. आप्पांना कमी ऐकू येऊ लागलं तसा आवाज वाढत गेला, आणि वकिलांच्या छताला हादरे बसू लागले. ते आधी वर आले, मग त्यांनी इमारतीच्या सेक्रेटरीला पाठवलं, मग रीतसर तक्रार केली, आणि आप्पांना प्रभाग कचेरीतून बोलावणं आलं. आयुष्यभर तक्रारींच्या टेबलामागे बसलेला माणूस पहिल्यांदाच टेबलाच्या पुढे उभा राहिला. तक्रारदाराची खुर्ची इथेही नेमकी कारकुनाच्या डावीकडे होती.

"मला आवाज मोठा ठेवण्याची परवानगी हवी," आप्पा म्हणाले. "वैद्यकीय कारण आहे. बहिरा होतोय मी."

"बहिरेपणाचा दाखला आणा," कारकून म्हणाला.

"तो मिळत नाही. अजून एका कानाने ऐकू येतं ना."

"ऐकू येतं? मग आवाज कमी ठेवा."

"पण कमी ठेवला तर ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही, तर मग गाणी कशाला लावता?" कारकुनाने अगदी मनापासून विचारलं.

वाक्यात कुठे चूक काढावी हे आप्पांना कळेना. शिवाय अशी उत्तरं ते स्वतः रोज देत, त्यामुळे मनातल्या मनात त्यांना थोडं कौतुकही वाटलं. पण घरी परतताना त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं ऑफिसात 'आप्पासाहेब' म्हणवून घेतलेल्या माणसाला आता स्वतःच्या घरात उशीखाली स्पीकर घालून, चोरासारखं गाणं ऐकावं लागत होतं. हेडफोनला डॉक्टरांनी मनाई केली होती. उरलासुरला कान तेवढ्यानेच जाईल म्हणाले.

तरीही बँडचं गाडं पुढे सरकत होतं. निम्मा पल्ला गाठला आणि रेकॉर्ड प्लेअरचा बेल्ट तुटला. दुरुस्तीवाल्याकडे तसला बेल्ट नव्हता; त्याने बरेच दिवस यंत्र ठेवून घेतलं आणि शिलाई मशिनच्या पट्ट्यातून काहीतरी जुळवून दिलं. तबकडी फिरू लागली. आप्पांचा जीव भांड्यात पडला. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की गायकाचा घसा बसल्यासारखा वाटतोय. सगळेच कसे दमून, जेवणानंतर वाजवल्यासारखे वाजवतायत. कानच चालला, असं वाटून त्यांना घाम फुटला. शेवटी लांब्याने घड्याळ लावून बघितलं. बेल्ट ढिला होता, तबकडी सावकाश फिरत होती.

नवा बेल्ट मागवला. तो आला. बायकोने हुश्श केलं. आणि आप्पा म्हणाले, "आता पुन्हा पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? अहो, ढिल्या बेल्टवरच्याच तेवढ्या लावा ना!"

"तसं नाही ते. जुना बेल्ट काय एका क्षणात तुटला? आधी सैल होत आला असणारच. कधीपासून? सांग तू. पहिल्या तबकडीपासूनही झाला असेल."

बायकोने आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. लांब्याने मात्र मान हलवली. "तत्त्वाचा प्रश्न आहे, वहिनी," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला. अशा मित्रांमुळेच माणसं बुडतात, दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही.

दुसऱ्या फेरीत कान भराभर उतरू लागला. आधी झांजा गेल्या. मग दारावरची घंटा गेली. मग शेजारच्या खोलीतून मारलेली बायकोची हाक गेली. तिला समोर येऊन उभं राहावं लागे. आप्पांना भीती वाटत होती. फार भीती वाटत होती. पण भीती वाटली की ते पुढची बाजू लावत. झांजा ते आठवणीने भरून घेत. मुलगी परगावी होती, तिचा रविवारी फोन येई.

"बाबा, जरा माझ्याशी बोला ना. ऐकू येतंय तोवर."

"बोलू, बोलू. हे दौऱ्याचे दिवस तेवढे आटपू दे. मग खटला, आणि मग निवांत."

मुलीला वाटलं, कचेरीतलं काही असेल.

करता करता शेवटून दुसरी तबकडी आली. खटल्यांच्या काळातली, कंपनीशी करार एकदाचा संपावा म्हणून रडतखडत उरकलेली. मूळ गिटारवाला तीत नाही, बेसवाला अर्ध्या गाण्यांत नाही, आणि जे आहेत ते नसते तर बरं झालं असतं. सुटीची सकाळ होती. ही संपली की दुपारी शेवटची, असा बेत होता. त्यासाठी आप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डोळे मिटून बसले. मध्येच बायको येऊन काही म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने आप्पांना वाटलं, बाजू संपली. डोळे उघडले. तबकडी फिरत होती, सुई अजून मध्यावरही आली नव्हती.

त्यांनी वायर हलवून बघितली. स्पीकरवर थाप मारली. आवाजाचं बटण थोडं फिरवलं, मग आणखी थोडं, मग पार टोकाला नेलं. तबकडीचाच दोष, असं स्वतःशी घोकत त्यांनी ती उतरवली, फडताळातून शेवटची काढली, दुसरी बाजू वर केली आणि सुई टेकवली.

बायको दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आली. मागोमाग समोरच्या बाई आल्या, मास्तर आले, सेक्रेटरी आला. खालचे वकील तावातावाने जिना चढून आले, तोंड उघडलेलं, एक हात वर. फडताळावरच्या काचा हलताना आप्पांना दिसत होत्या. सगळी इमारत ऐकत होती. आप्पांना काही ऐकू येत नव्हतं.

बायको बटणाकडे वळली. "राहू दे," आप्पा म्हणाले, किंवा म्हणाले असावेत.

सुई कुठे आहे यावरून त्यांना कळत होतं काय चाललंय ते. आता ड्रम. आता गायक, कुणाशी न बोलता आलेला. ते दारातल्या तोंडांकडे बघत राहिले. सेक्रेटरीने तक्रार करायला उघडलेलं तोंड मिटलं. सुई आतल्या कडेला पोचली तेव्हा वकिलांचा वर केलेला हात हळूहळू खाली आला आणि चौकटीवर टेकला. कुणीच हलत नव्हतं. समोरच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि आप्पांना समजलं, की आता बाकीचे थांबले आहेत आणि तो एकटा सूर चालू आहे. ज्यांना पहिल्या ड्रमरचं नावसुद्धा माहीत नव्हतं, ज्यांनी भांडण ऐकलं नव्हतं, खटला ऐकला नव्हता, त्या सगळ्यांना तो असाच, फुकटात, जिन्यात उभं राहून मिळाला.

पुढे डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. बुडत्याचा पाय खोलात. बहिरेपणाचा दाखला मात्र आता एका खेपेत मिळाला, आणि त्यासोबत आवाजाची परवानगीही. लांब्या येऊन बसू लागला. आप्पा बोलत, लांब्याचं काहीच त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे प्रत्येक वाद आप्पाच जिंकत. एकदा तर लांब्या रडलाही, पण आप्पांना वाटलं, दुसऱ्या ड्रमरचा विषय निघाला म्हणून.

एक गोष्ट मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. बँडने शेवटचा सूर कोणता वाजवला, कोणत्या खोलीत, कोण कुठे उभं होतं, हे ज्या माणसाला तोंडपाठ, त्याला स्वतःच्या कानाने शेवटचं काय ऐकलं हे ठाऊक नको? निदान इतिहास म्हणून? ते रोज ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवून बघत. कुठलं गाणं चालू होतं? की बायको बोलली ते शेवटचं? ते असेल तर वाईट नाही, असंही त्यांना वाटू लागलं. बरंच वाटू लागलं.

बायको टेबलाशी भाजी निवडत बसली होती. आता तिची खुर्ची समोर होती, तोंड दिसावं म्हणून.

"अगं, त्या दिवशी मी बसलो होतो, तेव्हा तू मध्ये आली होतीस ना?" आप्पांनी विचारलं. आपण ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं. "काय म्हणत होतीस?"

बायकोचे हात थांबले. ती उठली, हात पुसत फडताळाशी गेली, आणि नाव न वाचता, बोट न फिरवता, शेवटची तबकडी बाहेर काढली. ती तिने आप्पांच्या हातात दिली. मग रेकॉर्ड प्लेअरकडे बोट केलं, बाकीच्या तबकड्यांच्या रांगेवरून हात झटकला, आणि पुन्हा त्यांच्या हातातल्या तबकडीवर बोट ठेवलं. समजायला कठीण नव्हतं. मधलं सगळं जाऊ दे, हीच लावा आता, हे सांगायला ती आली होती.

आप्पांनी तबकडी उलटून दुसरी बाजू वर केली.

"आणि मी काय म्हटलं?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. सांगावं की न सांगावं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने हळूच आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

आप्पांना आठवलं. डोळे न उघडता, कपाळाला आठी घालून त्यांनी तो आवाज काढला होता, आणि चांगला मोठ्याने, स्वच्छ, उजव्या कानाने ऐकलाही होता.

"श्श्!"

त्यानंतर काही नाही.